पत्रा, कानस आणि पंख

विमानविद्येचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी स्वाभाविकपणेच आकाशाकडे लागलेली असते. कोण किती उंच गेला, किती क्षण अधांतरी राहिला, कोणाचे यंत्र पाण्यात कोसळले आणि कोणाचे वाळूवर सुखरूप उतरले, याचा हिशेब त्यांनी चोख ठेवलेला आहे. परंतु ज्या मेजावर बसून कोणी तरी पत्रा कातरला, कानशीने त्याची कड घासली आणि काडीएवढ्या नळीला डाख दिला, त्या मेजाकडे वळून पाहणारे थोडे. वस्तुतः माणसाने शक्तिचलित यानातून पहिले उड्डाण केले ते १९०३ साली. त्यापूर्वी तब्बल शंभर वर्षे त्याचे विमान त्या मेजावर लहान रूपात घडत होते. १८०४ साली सर जॉर्ज केलीने काठीला पतंग आणि शेपूट जोडून जे पाचएक फुटांचे यान हाताने सोडले, त्यात पुढील सर्व विमानांचा आराखडा बीजरूपाने होता.

आपल्यापैकी कित्येकांच्या कचेरीत अथवा बैठकीच्या खोलीत काचेच्या पेटीतले एखादे लहानसे विमान असते. कोणा तुकडीने निरोपसमारंभात दिलेले, बदलीगणिक जपून बांधून नेलेले. आलेला पाहुणा त्याचे कौतुक करतो ते त्याच्या नीटस रूपाबद्दल. तथापि अशा वस्तूला विचारण्याजोगा खरा प्रश्न वेगळाच आहे: हिचे माप कोठून घेतले? हा प्रश्न क्षुल्लक नाही. त्याच्या उत्तरावर एकदा एका महान संस्थेची अब्रू पणाला लागली होती, आणि आपल्या मराठी अभिमानाचा एक विषयही त्याच प्रश्नापाशी येऊन थांबतो. ते सांगण्यापूर्वी या मेजाचा थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात चार्ड नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे जाळीदार कापड विणण्याचे कारखाने भरभराटीला आले होते. त्या यंत्रांतील सूत धरणाऱ्या चकत्या पितळेच्या आणि अतिशय पातळ असत. ताण्याच्या दोन धाग्यांमधून त्या न अडखळता सरकल्या पाहिजेत, तरच जाळी विणली जाई. जॉन स्ट्रिंगफेलो हा अशा चकत्या आणि त्यांची वाहने तयार करणारा कारागीर होता. पातळ पितळेशी आयुष्यभर खेळलेल्या या माणसाला विल्यम हेन्सन या मित्राने बाष्पशक्तीवर चालणाऱ्या विमानाच्या कल्पनेत ओढले. हेन्सनच्या योजनेची वृत्तपत्रांनी यथेच्छ थट्टा केली, वीस फुटी प्रतिकृतीचे प्रयोग फसले आणि हेन्सन निराश होऊन अमेरिकेस निघून गेला. स्ट्रिंगफेलो मात्र मागे राहिला. १८४८ साली त्याने दहा फूट पंखविस्ताराची स्वतःची प्रतिकृती तयार केली. तिच्यातील वाफेचे इंजिन एवढे लहान होते की त्याच्या नळकांड्याचा व्यास पाऊण इंचाचा आणि दट्ट्याची धाव दोन इंचांची होती. ही प्रतिकृती खरोखर उडाली की दोरीवरून सुटताच नुसती तरंगत खाली आली, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. परंतु तिचा कर्ता धातू कसा हाताळत होता याविषयी वाद नाही. १८६८ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या वैमानिक प्रदर्शनात वजनाच्या मानाने सर्वाधिक शक्ती देणाऱ्या इंजिनाचे शंभर पौंडांचे पारितोषिक त्यालाच मिळाले.

स्ट्रिंगफेलोची यंत्रसामग्री पुढे अटलांटिकपलीकडे गेली, ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचा प्रमुख सॅम्युएल लँगले याच्यामुळे. लँगले खगोलशास्त्रज्ञ होता. मानवी उड्डाण गणिताने आणि प्रयोगाने साध्य होईल असा त्याचा दृढ विश्वास होता. त्याने बाष्पचलित प्रतिकृतींची एक मालिकाच हाती घेतली. पहिल्या काही प्रतिकृती आपल्याच वजनाने वाकल्या, काहींच्या बाष्पपात्रांना पुरेशी वाफ देता येईना. हलके करावे तर मोडते, मजबूत करावे तर उडत नाही, अशा कात्रीत त्याचे कारागीर वर्षानुवर्षे सापडले होते. अखेर ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीत नांगरलेल्या एका घरनौकेवरून त्याची पाचव्या क्रमांकाची प्रतिकृती सुटली आणि सुमारे ३३०० फूट अंतर स्वतःच्या शक्तीने कापून अलगद पाण्यावर उतरली. तिचे वजन जेमतेम पंचवीस पौंड होते. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्राहम बेल त्या वेळी जातीने हजर होता आणि त्याने घेतलेले छायाचित्र आजही उपलब्ध आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात सहाव्या क्रमांकाची प्रतिकृती याहूनही लांब गेली.

येथवर सर्व ठीक होते. पुढे युद्धखात्याने पन्नास हजार डॉलरांचे साहाय्य देऊ केले आणि माणूस वाहून नेणारे मोठे यान तयार करण्याचे ठरले. लहान यान उडाले, तेव्हा तेच चौपट केले की मोठेही उडेल, असा सर्वसाधारण तर्क. परंतु निसर्गाला हा त्रैराशिकाचा हिशेब मान्य नाही. गॅलिलिओने १६३८ सालीच दाखवून दिले होते की आकार वाढला की वजन आणि बळ एकाच प्रमाणात वाढत नाहीत. लांबी चौपट केली तर पंखांचे क्षेत्रफळ सोळापट होते, पण त्याच घडणीच्या सांगाड्याचे वजन चौसष्टपट होते. लँगलेचे मोठे यान १९०३ साली ७ ऑक्टोबरला आणि पुन्हा ८ डिसेंबरला घरनौकेवरून सुटले, आणि दोन्ही वेळा सरळ नदीत गेले. चालक चार्ल्स मॅनली सुदैवाने बचावला. वृत्तपत्रांनी वृद्ध लँगलेची जी विटंबना केली ती वाचताना आजही वाईट वाटते.

दुसऱ्या प्रयत्नानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, किटी हॉकच्या वाळूवर राइट बंधू उडाले. या यशाची मुळे वाळूत नव्हती. तीही एका मेजावरच होती. बालपणी, १८७८ साली, वडिलांनी आणलेले बूच, बांबू, कागद आणि रबर यांचे उडते खेळणे या भावंडांनी पुनःपुन्हा स्वतः बनवून पाहिले होते, आणि मोठे केले की ते नीट उडत नाही हा अनुभव त्यांनी तेव्हाच घेतला होता. त्याचे कारण, म्हणजे दुप्पट आकारास आठपट शक्ती लागते हे तत्त्व, त्यांना पुढे उमगले. १९०१ सालच्या त्यांच्या ग्लायडरने गणिताने सांगितलेल्या भारापेक्षा फारच कमी भार उचलला, तेव्हा त्यांनी उपलब्ध कोष्टकांवर विसंबणे सोडले. डेटन येथील सायकलच्या दुकानात त्यांनी सहा फूट लांब आणि सोळा इंच चौरस अशी एक लाकडी पेटी तयार केली, तिच्या एका तोंडाशी पंखा बसवला आणि आतून ताशी सत्तावीस मैलांच्या आसपास वेगाने वारा सोडला.

या पेटीत जे पंख टांगले गेले ते पोलादी पत्र्याचे होते. पत्र्याची जाडी एक बत्तिसांश इंच. कातरीने कापायचा, हातोडीने ठोकून त्याला बाक द्यायचा, कानशीने कड घासायची, हवी तेथे डाख अथवा मेण चढवून जाडी वाढवायची, असे करीत त्यांनी दोनशेच्या आसपास निरनिराळे आकार तपासले. वाऱ्याचे बळ तोलणारे काटे त्यांनी जुन्या करवतीच्या पात्यांचे आणि सायकलच्या आऱ्यांच्या तारेचे केले. दिसायला ही सामग्री भंगारवाल्याच्या टोपलीत शोभावी अशी. परंतु तिने दिलेले आकडे त्या काळी जगात कोणाहीपाशी नव्हते. वाऱ्याच्या दाबाचा जो ०.००५ हा गुणक अठराव्या शतकापासून प्रमाण मानला जात होता तो फारच मोठा असून खरा गुणक ०.००३३ च्या जवळपास आहे, हे त्यांना कळून चुकले. १९०२ चा ग्लायडर या नव्या आकड्यांवर उभा राहिला आणि हिशेबाप्रमाणे उडाला. लँगलेने प्रतिकृतीला ‘तू उडतेस का?’ एवढेच विचारले. राइट बंधूंनी प्रतिकृतीकडून मोजमाप मागितले. दोघांच्या फलितातील अंतर या दोन प्रश्नांतील अंतराएवढे आहे.

विमाने आकाशात रुळल्यावर प्रतिकृतीचे प्रयोजन बदलले. आधी ती भविष्याची सूचना होती, आता ती घडून गेलेल्या गोष्टीची साक्ष झाली. १९३२ साली इंग्लंडमध्ये जेम्स हे स्टीव्हन्स याने आखलेले ‘स्कायबर्ड्‌स’ या नावाचे संच बाजारात आले. त्यांत लाकडाचे घडीव भाग आणि धातूचे बारीकसारीक सुटे भाग असत. त्याने निवडलेले प्रमाण होते १:७२, म्हणजे सहा फुटांस एक इंच. सहा फूट उंचीचा वैमानिक एक इंचाचा होतो, एवढे सोपे ते गणित. हेच प्रमाण पुढे जगभर रूढ झाले. १९३६ साली फ्रॉग कंपनीचे प्लॅस्टिकचे संच आले. १९४२ साली, अमेरिका महायुद्धात उतरल्यावर, तेथील नौदलाने शाळांतील विद्यार्थ्यांकडून याच प्रमाणाच्या पाच लक्ष काळ्या लाकडी प्रतिकृती करवून घेण्याची योजना आखली. हेतू हा की सैनिकाला शत्रूचे आणि मित्राचे विमान नुसत्या आकृतीवरून ओळखता यावे. पस्तीस फुटांवर धरलेली अशी प्रतिकृती जवळजवळ अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी भासते. पंखाचे टोक गोल की चौकोनी, एवढ्या तपशिलावर तोफ डागायची की नाही हे ठरत असे. तपशिलाची चूक तेथे माणसाच्या जिवावर बेतणारी होती.

आता प्रश्न असा की साचातून निघालेले लाकडी वा प्लॅस्टिकचे भाग हाताशी असताना जुन्या विमानांच्या प्रतिकृतीकार मंडळींना धातूकडे का वळावे लागते? उत्तर साध्या भागाकारात आहे. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा ७२ पटींनी लहान केला की तो दीड शतांश मिलिमीटरही भरत नाही. पाव इंच जाडीची ताणतार ०.०९ मिलिमीटरवर येते, म्हणजे माणसाच्या केसाएवढी. एवढे पातळ प्लॅस्टिक साचातून निघत नाही, आणि निघाले तरी टिकत नाही. म्हणून साचातील विमानाच्या पंखांच्या कडा, पत्र्याची आवरणे आणि धुराड्यांची तोंडे नेहमीच जाडजूड असतात. मूळ विमानात ती तशी नव्हती. ही जाडी हे एक सौम्य असत्य आहे, आणि ते दूर करण्याचे सामर्थ्य धातूच्या वर्खात, तारेत आणि नळीतच आहे.

उदाहरणादाखल वेस्टलँड वापिटी हे विमान घेऊ. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीनजीक ड्रिघ रोड येथे भारतीय वायुदलाची पहिली तुकडी उभी राहिली ती चार वापिटी विमानांनिशी. दोन मजली पंखांच्या या विमानाचा पंखविस्तार ४६ फूट ५ इंच होता. १:७२ प्रमाणात तो पावणेआठ इंचांच्या किंचित आत बसतो. त्याच्या तोंडाशी उघडे दिसणारे ब्रिस्टल ज्युपिटर इंजिन, चक्राकार मांडलेल्या नऊ नळकांड्यांचे. प्रत्येक नळकांड्याला थंडाव्यासाठी पातळ कडी एकावर एक असत. प्रतिकृतीकार ती कशी साधतो? एका सळईच्या तुकड्यावर तांब्याची अतिशय बारीक तार शेजारी शेजारी गुंडाळतो आणि हलकासा डाख देऊन ती जागीच बसवतो. धूर बाहेर नेणारी नळी पितळेची. कारण तिचे तोंड खरोखरच पोकळ दिसले पाहिजे. ही नळी तशीच वाकवली तर चेपते. म्हणून ती आधी मंद लाल होईपर्यंत तापवून नरम करावी लागते.

हे ज्ञान आपल्याकडे काही नवे नाही. पुण्याच्या तांबट आळीत हंडा घडवणाऱ्या कारागिराला कोणी धातुशास्त्र शिकवले नव्हते. परंतु ठोकून ठोकून तांबे आडमुठे होते आणि पुन्हा भट्टीत घातले की ते ऐकू लागते, हे त्याचा हात जाणतो. मठारलेल्या भांड्याची ठोक्याठोक्यांची नक्षी शोभेची खरी, पण त्या ठोक्यांनीच भांड्याला कणखरपणा येतो. अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट थोडी निराळी. ते लाल होत नाही, एकदम वितळते. म्हणून त्यावर साबण चोळून तापवतात आणि साबण काळा पडताच आच काढून घेतात. डाख देण्यातही असेच शहाणपण आहे. एक सांधा जोडून त्याच्या शेजारी दुसरा जोडू गेले की पहिला सुटतो. त्यावर उपाय म्हणजे पहिल्या सांध्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेवणे, किंवा पहिल्याला अधिक उष्णतेवर वितळणारा डाख वापरून ठेवणे. आणि या सर्वांआधी धातू लख्ख घासलेला हवा. कल्हईवाला नवसागर उगाच टाकत नसे; मळलेल्या अंगाला कथील धरत नाही.

परंतु हाताचे कौशल्य कितीही असले तरी मापाशिवाय ते आंधळे आहे. वापिटीच्या बाबतीत आपले भाग्य असे की एक विमान दिल्लीला पालम येथील वायुदलाच्या संग्रहालयात जतन करून ठेवले गेले. जगाच्या पाठीवरील कोणाही प्रतिकृतीकाराला या विमानाचा खरा सांगाडा पाहायचा झाला तर त्याला भारताकडे वळावे लागते. ज्याला मूळ वस्तू, जुनी छायाचित्रे आणि कारखान्याचे आराखडे उपलब्ध आहेत, त्याच्या पत्र्याच्या प्रत्येक तुकड्यामागे एक पुरावा उभा असतो. ज्याला ते उपलब्ध नाहीत, त्याचा तुकडा ही केवळ कल्पना, मग तो कितीही सुबक असो.

आता आरंभी उल्लेखिलेल्या प्रसंगाकडे वळू. लँगले १९०६ साली निवर्तला. १९१४ साली स्मिथसोनियन संस्थेने त्याचे ते नदीत बुडालेले यान ग्लेन कर्टिस याच्या स्वाधीन केले. कर्टिसचा राइट बंधूंशी पेटंटाबाबत न्यायालयात झगडा चालू होता, तेव्हा राइटांआधी दुसऱ्या कोणाचे यान उडू शकत होते असे सिद्ध होणे त्याच्या हिताचे होते. हॅमंड्‌सपोर्ट येथे त्याने यान दुरुस्त केले आणि सरोवरावरून अल्पकाळ उडवून दाखवले. संस्थेने ते पुन्हा प्रदर्शनात मांडले आणि शेजारच्या पाटीवर माणसासह उडू शकणारे जगातील पहिले विमान हेच, अशा अर्थाचा मजकूर लिहिला. परंतु ‘दुरुस्ती’च्या नावाखाली पंखांची रचना, त्यांचा बाक, आधाराचे खांब, ताणतारा, पंखे अशा अनेक गोष्टी बदललेल्या होत्या. उडाले ते १९०३ चे यान नव्हतेच. ऑर्व्हिल राइटने निषेध केला, पण व्यर्थ. शेवटी १९२८ साली त्याने आपले मूळ विमान मायदेशात न ठेवता लंडनच्या विज्ञान संग्रहालयाकडे पाठवून दिले. तब्बल चौदा वर्षांनी, १९४२ साली, संस्थेने दोन्ही अवस्थांतील फरकांची यादी प्रसिद्ध करून आपले विधान मागे घेतले. १७ डिसेंबर १९४८ रोजी राइटांचे विमान वॉशिंग्टनमध्ये विराजमान झाले, तेव्हा ते पाहण्यास ऑर्व्हिल हयात नव्हता. तो त्याच वर्षीच्या जानेवारीत वारला होता. काही खांबांची जागा आणि काही तारांची बांधणी, एवढ्या तपशिलाने एका राष्ट्राचा इतिहास जवळजवळ तीन दशके वाकडा करून ठेवला होता.

अशाच एका दाव्याशी आपलाही जिव्हाळ्याचा संबंध आहे. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान सुमारे दीड हजार फूट उंच उडवले, ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असेल. परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला ती सांगताना छाती थोडी अधिकच फुगते, आणि त्यात अस्वाभाविक असे काही नाही. तळपदे ही व्यक्ती खरी होती, त्यांना विमानविद्येचा ध्यास होता. परंतु एखाद्या प्रामाणिक प्रतिकृतीकाराला ‘मरुत्सखा’ची प्रतिकृती करण्यास सांगून पाहावे. तो पहिला प्रश्न विचारील: पंखांचे माप किती? इंजिन कोणते, त्याचे वजन किती? यापैकी कशाचाही विश्वसनीय समकालीन पुरावा, छायाचित्र, आराखडा अथवा अवशेष पुढे आलेला नाही. कातर हातातच राहते. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’शी ही कथा जोडली जाते, तो ग्रंथ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली बारकाईने तपासला. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातील आहे, आणि त्यात वर्णिलेली याने उडू शकणारी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हे कटू वाटेल; परंतु यात मराठी माणसाची मानहानी आहे असे समजण्याचे कारण नाही. स्मिथसोनियनसारख्या संस्थेलाही अभिमानापायी तपशिलाचा विसर पडला होता; तिची थोरवी एवढीच की तिने फरकांची यादी छापली. कागदपत्रांत हयात घालवलेल्या आपणां मंडळींना हे सांगायला नको की नस्तीत जे नाही ते शेऱ्यात लिहिता येत नाही. तळपद्यांच्या ध्यासाचा आदर राखण्यासाठी त्यांच्या नावावर न सिद्ध झालेले उड्डाण मांडण्याची गरज नाही. उलट, मुंबईच्या जुन्या दप्तरांत कोणी चिकाटीने शोध घेतला आणि एखादे खरे माप, एखादे खरे पत्र हाती लागले, तर ती त्यांची अधिक मोठी सेवा ठरेल.

पुन्हा कधी काचेच्या पेटीतल्या त्या लहानशा विमानाकडे लक्ष गेले, तर त्याच्या रंगावर न थांबता धुराड्याचे तोंड पोकळ आहे का, पंखाची कड पातळ आहे का, तारा जेथे असायला हव्यात तेथेच आहेत का, हे अवश्य पाहावे. कोणा अनामिक कारागिराने रात्री जागून केसाएवढी तार ताणली असेल, ती कोणाला दिसावी म्हणून नव्हे, तर मूळ विमानात ती होती म्हणून. ज्याचे माप मिळाले नाही ते बनवू नये, हा त्या मेजावरचा जुना नियम आहे. इतिहास लिहिणाऱ्याच्या मेजावरही तो टांगून ठेवण्यास हरकत नसावी.